खोली कोणी झाडली?

गेल्या रविवारी अमळनेरच्या एका मंगल कार्यालयात नेतृत्व विकासाचं शिबिर होतं. मी मागच्या रांगेत होतो. दोनशेएक मुलं, बहुतेक खेड्यांतली, पहाटेच्या एसटीनं आलेली. वक्त्यांच्या कॉलरला माइक. आरशासमोर उभं राहा, छाती पुढे काढा, समोरच्याच्या डोळ्यात डोळे घालून बोला, हात मिळवताना घट्ट दाबा. मुलं भराभर लिहून घेत होती.

शेवटी प्रश्न विचारायला सांगितलं. एक मुलगा उठला. म्हणाला, "सर, यंदा कपाशी गेली. वडील दोन महिन्यांपासून कोणाशी बोलत नाहीत. मी घरी गेलो की काय बोलू त्यांच्याशी?"

सभागृह गप्प झालं. वक्ते म्हणाले, "निगेटिव्ह विचार सोड. आधी स्वतःला घडव." टाळ्या पडल्या. मुलगा खाली बसला आणि त्यानं वही मिटली.

त्या टाळ्या मला आठवडाभर टोचताहेत. त्या दिवशी सभागृहात सगळ्यात धीट वाक्य त्या मुलानं उच्चारलं होतं. दोनशे अनोळखी पोरांसमोर घरचं दुखणं सांगायला जी छाती लागते, ती आरशासमोर उभं राहून येत नाही. त्याला शाबासकी द्यायला हवी होती. शिबिरानं त्याला गप्प बसायला शिकवलं, आणि त्याचे पैसेही घेतले.

आणि हे घडलं कुठे, तर अमळनेरात! ज्या गावात माणसं घडवण्याचा प्रयोग शंभर वर्षांपूर्वी होऊन गेला, त्या गावात.

अमळनेरचं नाव काढलं की लोक हल्ली 1945 साली निघालेल्या वनस्पती तुपाच्या कारखान्याची, त्यातून वाढलेल्या विप्रोची आणि शेअर सांभाळून ठेवणाऱ्यांच्या नशिबाची गोष्ट सांगतात. जरूर सांगावी. पण मला त्याआधीची गोष्ट जास्त मोलाची वाटते. पालगडचा एक बुजरा तरुण इथल्या तत्त्वज्ञान मंदिरात शिकायला आला आणि 1924 साली प्रताप हायस्कूलमध्ये मास्तर झाला. पांडुरंग सदाशिव साने, म्हणजे पुढचे साने गुरुजी. पुढे छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली.

छात्रालय म्हणजे काय, हे तिथे राहिलेल्यालाच कळतं. सतरंजीखाली कोंबलेले मळके सदरे, कोपऱ्यात केराचा ढीग, खरकटं तसंच राहिलेलं भांडं, कोणाला तरी ताप. रेक्टर म्हटला की दंड, हजेरी, छडी. साने सरांनी यातलं काही केलं नाही. मुलं शाळेत गेली की ते त्यांच्या खोल्यांत जात आणि गुपचूप केर काढत. अंथरुणांच्या घड्या घालत, मळके कपडे धुऊन टाकत. आजारी पोराच्या उशाशी बसून राहत. संध्याकाळी मुलं परत आली की खोली लख्ख दिसायची. कोणी झाडली, हे ओळखायला फार वेळ लागला नाही. मग लाज वाटून मुलं आपापल्या खोल्या झाडायला लागली.

याला मी नेतृत्व म्हणतो. हातात झाडू घेतलेलं नेतृत्व.

शिवाय रोजचं हस्तलिखित. 'छात्रालय दैनिक' ते स्वतःच्या हातानं लिहून काढत आणि मुलांसमोर ठेवत. दिवसभर शिकवायचं, पोरांचं दुखलंखुपलं बघायचं आणि त्यांच्यासाठी रोजचा अंकही लिहायचा. ना त्याला वर्गणी, ना जाहिरात. वाचक फक्त छात्रालयातली पोरं. इतक्या थोड्या वाचकांसाठी इतकं मन लावून लिहिणारा संपादक मराठीत दुसरा दाखवा.

1930 साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. मास्तरकीची अवघी सहा वर्षं. तेवढ्या काळात मास्तर आणि पोरं यांच्यात जे जमलं, ते जन्मभर पुरलं.

गुरुजींना रडके म्हणून हिणवणारे तेव्हाही होते, आजही आहेत. त्यांना माझं सांगणं आहे, 'श्यामची आई' पुन्हा एकदा उघडा. 1933 च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिलेलं पुस्तक. स्वातंत्र्याच्या लढ्यात तुरुंगात बसलेला माणूस त्यात स्वतःबद्दल काय सांगतो? पोहायला घाबरून लपून बसलो आणि आईनं झोडपून काढलं. आजारी आईसाठी वडाच्या प्रदक्षिणा घालायच्या, तर चारचौघांत लाज वाटली. आपला भित्रेपणा, आपलं लाजणं, आपलं चुकणं तो मित्रांसमोर रात्रीमागून रात्री मांडत जातो. आजचा एखादा पुढारी आपल्या चरित्रात हे छापून दाखवू दे! आपल्याकडे चरित्र म्हटलं की लहानपणीच मगरीशी झुंज.

आत एक आणि बाहेर एक नसलेला माणूस समोर दिसला की पोरांना धीर येतो. मास्तर स्वतः घाबरायचे, म्हणजे मी घाबरतो तर काही बिघडलं नाही, एवढं कळलं की पोरगं निम्मं सुटतं.

दुसरी गोष्ट धुळ्याच्या तुरुंगातली. 1932 साली विनोबा तिथे दर रविवारी गीतेवर बोलत होते. अठरा अध्याय, अठरा रविवार. समोर बसून ते सगळं उतरवून घेतलं गुरुजींनी. स्वतः उत्तम बोलणारा, उत्तम लिहिणारा माणूस अठरा रविवार दुसऱ्याचा लेखनिक होऊन बसला. 'गीता प्रवचने' आज घरोघरी आहे ती त्या बैठकीमुळे. आमच्या तालुक्यात बॅनरवर आपला फोटो साहेबांच्या फोटोपेक्षा किती बोटं लहान असावा, यावरून माणसं वर्षभर अबोला धरतात.

आणि हाच हळवा माणूस 1947 च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषणाला बसला, विठ्ठलाचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून. त्याआधी महाराष्ट्रभर दौरा झाला. सेनापती बापट पाठीशी होते, सेवादलाची पोरं गावोगाव गाणी गात सोबत फिरत होती. खुद्द गांधीजींनी उपोषण सोडा म्हणून कळवलं, तरी गुरुजी हटले नाहीत. ज्यांना ते दैवत मानत, त्यांच्याही शब्दाबाहेर गेले. दहा दिवसांनी मंदिराचा दरवाजा उघडायचं ठरलं, तेव्हाच उपोषण सुटलं. डोळ्यांत पाणी असलेल्या माणसाच्या पाठीला कणा नसतो, हा समज निदान खान्देशानं तरी बाळगू नये.

इथवर गोष्ट सोपी आहे. शाळांतल्या भाषणांत ती इथेच थांबवतात. 2024 च्या फेब्रुवारीत अमळनेरात 97 वं साहित्य संमेलन भरलं, तेव्हा गावभर गुरुजींच्या नावाचा गजर होता. पण मला पुढचं बोलायचं आहे.

11 जून 1950 रोजी गुरुजींनी स्वतःच आपलं आयुष्य संपवलं. वयाची पन्नास वर्षं पूर्ण होऊन सहा महिनेही झाले नव्हते. अशा जाण्यामागे एकच एक कारण नसतं, आणि त्यांच्याभोवती जिवाला जीव देणारी माणसं होती, हेही खरं. तरी एक प्रश्न माझ्या मनातून जात नाही. सगळ्यांच्या खोल्या झाडणाऱ्या माणसाची खोली आपण सगळ्यांनी मिळून किती वेळा झाडली? त्यांच्या अश्रूंची आपण आधी थट्टा केली, मग पूजा केली. दोन्हींच्या मधे त्यांच्याजवळ बसायचं काम होतं. ते अवघड असतं.

म्हणून परत त्या मंगल कार्यालयाकडे वळतो. शिबिर संपलं, मी बाहेर चहाच्या टपरीवर उभा होतो. तो मुलगाही होता. तेवढ्यात एक चाळिशीचे गृहस्थ मोटरसायकलवरून आले. त्याच्या वसतिगृहाचे रेक्टर. पोराची परतीची एसटी चुकेल म्हणून न्यायला आलेले. त्यांनी त्याच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं आणि पहिलं वाक्य विचारलं ते आमच्या अहिराणीतलं, "जेवना का रे भाऊ?"

मुलगा मान हलवून नाही म्हणाला. रेक्टरांनी दोन वडापाव मागवले, त्याच्या शेजारी बाकावर बसले आणि काहीही न विचारता त्याचं खाणं होऊ दिलं. मग मुलगा आपणहून बोलायला लागला. दहा मिनिटांनी रेक्टरांनी खिशातून एक छोटी वही काढली. कडा फाटलेली, घामानं मऊ पडलेली. तीत सगळ्या मुलांच्या घरचे नंबर पेनानं लिहिलेले होते. त्यांनी मुलाच्या वडिलांना फोन लावला, स्वतः दोन शब्द बोलले आणि फोन मुलाच्या हातात देऊन लांब जाऊन उभे राहिले. पलीकडून वडील काय बोलले, मला ऐकू आलं नाही. मुलगा "हो बाबा, हो बाबा" म्हणत होता आणि शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत होता.

मी रेक्टरांना विचारलं, "साठ पोरांचं असं तुम्ही बघता. तुमचं कोण बघतं?" ते हसले. "आमचं काय सर, चालतं." नेमणूक कंत्राटी, पगार तीन महिन्यांचा थकलेला, घर दुसऱ्या तालुक्यात. हे त्यांनी सांगितलं नाही, मुलानं सांगितलं.

त्या "चालतं"ची मला भीती वाटते. खान्देशातल्या प्रत्येक वसतिगृहात, प्रत्येक जिल्हा परिषदेच्या शाळेत असा एखादा माणूस आहे, आणि सगळीकडे त्याचं "चालतं". जिल्ह्याच्या कारभाऱ्यांनो, नेतृत्व शिबिरांचे मंडप घालण्याआधी या माणसांचे थकलेले पगार द्या. आणि वाचकहो, तुमच्या गावातला असा मास्तर, असा रेक्टर तुम्हाला नावानं माहीत आहे. या रविवारी त्याच्याकडे जा. हारतुरे, शाल नेऊ नका. डबा न्या, शेजारी बसा आणि विचारा, "सर, जेवले का तुम्ही?"