पालीला ताप हवा

पाल माणसाच्या अंगावर पडली तर काय घडते, याचे अवयववार फळ पंचांगात छापलेले असते. माणूसच पालीच्या नशिबी येऊन पडला तर तिचे काय होते, याचे कोष्टक मात्र कुणी मांडलेले नाही, आणि घरात लेपर्ड गेको पाळणाऱ्यांना खरी गरज त्याचीच आहे. ही ठिपक्यांची, जाड शेपटीची पाल मूळची अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या खडकाळ मुलखातली. तिला पापण्या असतात, भिंतीवर चढणे जमत नाही, आणि ती मलूल झाली की घरचे आधी औषध शोधतात. माझ्या मते बहुतेक वेळा नाडी पालीची नव्हे, ती राहते त्या पेटीची बघावी. कॅल्शियमचेच घ्या. तिला खायला घालतात त्या रातकिड्यांत फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नावापुरते. किड्यांवर कॅल्शियमची पूड भुरभुरली नाही, डी-३ जीवनसत्त्व मिळाले नाही, की शरीर हाडांतूनच उसनवारी करते. जबडा रबरासारखा लवतो, पाय फेंगडे होतात, बोटे थरथरतात. घरच्यांना वाटते, लाडात आली. कातीचेही तसेच. पेटीत ओलसर आडोसा नसला तर कात बोटावर अडकते, सुकून तिचे बारीक वळे आवळत जाते आणि बोट गळते. वेळीच कोमट, उथळ पाण्यात बसवून ओल्या कापसाने ती हळूच सोडवली तर बोट वाचते.

यावर हमखास विचारतात, भिंतीवरच्या पालीला कोण पूड चारतो? कुणीच नाही. ती ट्यूबलाइटखाली नाना तऱ्हेचे किडे स्वतः निवडते, उकडले की फटीत शिरते. शिवाय त्यांच्यातली जी आजारी पडते ती केरसुणीबरोबर बाहेर जाते. म्हणून आपल्याला दिसतात त्या सगळ्या ठणठणीत. दुसरा आक्षेप अस्सल, नागपूरजवळच्या खापरखेड्याचा: दाराशी १३४० मेगावॉटचे वीजकेंद्र, मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकलेला, इथे हीटिंग पॅड घेणाऱ्याला शेजारी हसणार नाहीत तर काय! हसू द्यावे. पालीला नुसता ताप नको, तापाची निवड हवी: पेटीचे एक टोक साधारण ३२ अंशांवर, दुसरे २५ वर. पोटाखाली ऊब मिळाली तरच किडा पचतो. मे महिन्यात सगळी पेटीच चाळिशी ओलांडते आणि पळायला जागा उरत नाही. डिसेंबरच्या रात्री पारा दहाच्या आसपास आला की पचन ठप्प होते. कन्हान नदीची रेती अंथरून वाळवंट उभारण्याची हौसही महागात पडते, कारण सुटी रेती किड्याबरोबर पोटात जाऊन तिथेच बसते. त्यापेक्षा जुन्या वर्तमानपत्राचा कागद बरा, निदान कुणीतरी त्यावर रोज पडून असते.

अर्थात सगळेच खापर पेटीवर फोडता येत नाही. चरबी साठवणारी शेपटी काडीसारखी झाली तर जंत किंवा क्रिप्टोस्पोरिडियमसारखे परजीवी असू शकतात, तिथे थर्मामीटर हलवून भागत नाही. पाल केवढी आणि डॉक्टरची फी केवढी, हा हिशेब पाल आणण्यापूर्वीच करायचा असतो. नागपूरला सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. कुठेही दाखवायला नेले तरी पालीसोबत पेटीचा फोटो, तापमानाची टिपणे आणि ताज्या विष्ठेची डबी न्यावी. बसमध्ये शेजारी बसलेल्याने डबीत काय आहे असे विचारले, तर नमुना आहे एवढेच सांगावे.