सोडला न्हाई, टेकवलाय

बुद्धिबळ शिकवणारी पुस्तकं दुकानात ढिगानं मिळतात. सुरुवात कशी करावी, मधला डाव कसा सांभाळावा, शेवटी उरलेल्या एका प्याद्याचा वजीर कसा करावा, सगळं त्यांत असतं. खेळलेली चाल परत कशी घ्यावी, यावर मात्र अवाक्षर नाही. कोल्हापुरात शिवाजी पेठेत किंवा मंगळवार पेठेत एखाद्या कट्ट्यावर पट मांडलेला दिसला, तर घटकाभर थांबून बघावं. डाव वजिरानं जिंकलेले कमी आणि 'थांब थांब थांब' म्हणून जिंकलेले जास्त, असं लक्षात येईल. एवढी मोठी विद्या निव्वळ तोंडी परंपरेवर तगून आहे. होतकरूंची सोय व्हावी म्हणून हे मार्गदर्शन.

सुरुवात कायद्यापासून करावी. जो नियम मोडायचा तो तोंडपाठ पाहिजे; अर्धवट माहितीवर मोडणारे पहिल्याच फेरीत सापडतात. जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या, म्हणजे फिडेच्या, नियमावलीत चौथं कलम या विषयाला वाहिलेलं आहे. जाणूनबुजून हात लावलेला आपला मोहरा खेळावाच लागतो. समोरच्याच्या मोहऱ्याला हात लावला आणि तो मारता येत असेल, तर मारावाच लागतो. नियमात बसणाऱ्या घरावर मोहरा ठेवून हात सोडला, की त्या चालीत तो दुसऱ्या घरावर नेता येत नाही. घरात वाकडा बसलेला मोहरा सरळ करायला मुभा आहे, पण आपली पाळी असताना आणि आधी तसं सांगून. ग्यानबाची मेख या 'आधी'त आहे. कट्ट्यावर 'सरळ करायलोय' हे वाक्य नेहमी हातानंतर येतं आणि हात नेहमी संकटानंतर.

आता प्रत्यक्ष तंत्र. नवशिके मोहरा उचलतात, ठेवतात आणि हात मांडीवर घेतात. इथंच ते संपतात. जाणत्याचा हात बघावा. घोडा उचलला, पुढच्या घरावर टेकवला. अंगठा सुटला, तीन बोटं सुटली, तर्जनीचं टोक तेवढं घोड्याच्या कानावर. आता मान खाली घालून पट नीट वाचायचा, समोरच्या उंटाची तिरकी वाट डोळ्यांनी शेवटपर्यंत चालून यायची, मग समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं. त्याचा श्वास अडकला असेल तर चाल चांगली. तो कट्ट्यावरच्या कुत्र्याकडे बघत असेल तर घोडा जाणार. लगेच कान धरून घोडा माघारी.

'आबा, हात सोडलासा तुम्ही!'

'सोडला न्हाई, टेकवलाय.'

'मी बघितलं की!'

'बोट हुतं. नीट बघत जा. पटाकडं लक्षच न्हाई तुझं.'

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. तक्रार करणाऱ्यावरच दुर्लक्षाचा ठपका बसला, की खटला तिथंच मिटतो.

पण बोटाच्या कौशल्यापेक्षा वजन असतं ते बसणाऱ्याला. चाल परत घेण्याचा हक्क वयाच्या सम प्रमाणात आणि खेळाच्या व्यस्त प्रमाणात मिळतो, हा पेठेचा अलिखित नियम. आबांना मोजदाद नाही. तालमीच्या कारभाऱ्यांना डावात दोन-तीन. नोकरीला लागलेल्याला एखादी, तीही चहा त्यानं सांगितला असेल तर. सातवीतल्या पोराला एकही नाही. त्यानं नुसतं प्याद्याकडे बोट दाखवलं तरी 'लावलास हात, खेळ आता!' म्हणून चौघं ओरडतात. त्या चौघांतला एकही डावात नसतो.

हे काही कोल्हापूरचंच वैशिष्ट्य नव्हे. 1994 साली स्पेनमधल्या लिनारेसच्या स्पर्धेत गॅरी कास्पारॉव्ह विरुद्ध जुडिट पोल्गार असा डाव लागला. कास्पारॉव्ह म्हणजे त्या खेळातला आबाच. जुडिट 17 वर्षांची. कास्पारॉव्हनं घोडा एका घरावर ठेवला, हात सुटला, तेवढ्यात पुढचा घात दिसला आणि घोडा दुसऱ्याच घरावर गेला. टीव्हीच्या चित्रणात नंतर दिसलं, की बोटं सेकंदाच्या जेमतेम चौथ्या हिश्श्यापुरती सुटली होती. जुडिटनं त्या वेळी दाद मागितली नाही आणि ती डाव हरली. एवढ्या मोठ्या माणसाला, एवढ्या मोठ्या स्पर्धेत, एवढ्याशा पोरीनं कसं म्हणायचं, 'सोडलासा तुम्ही'? आपल्या पेठेत जी गोष्ट रोज संध्याकाळी घडते तिला तिकडे इतिहासात जागा मिळाली. पुढे 2002 साली मॉस्कोत जुडिटनं त्याला जलद डावात हरवलं. आबांनी हेही ध्यानात ठेवावं. पोरं मोठी होतात.

चाल परत घेतल्यावरचं अर्धं मिनिट सगळ्यात नाजूक. नियमावलीतच एक पळवाट आहे, तिचा अभ्यास करावा. समोरच्यानं नियम मोडला अशी तक्रार करायची असेल, तर स्वतःचा मोहरा हातात घेण्याआधी करावी लागते. खेळायच्या हेतूनं त्यानं मोहऱ्याला हात लावला, की त्याचा हक्क गेला. तेव्हा परत घेतलेला घोडा नव्या घरावर बसतो न बसतो तोच 'चल, खेळ लवकर, अंधार पडायलाय' अशी घाई लावावी. पोरगं गडबडीनं प्यादं उचलतं. झालं. आता त्यानं कितीही कांगावा केला तरी आंतरराष्ट्रीय कायदा आपल्या बाजूनं आहे, आणि हे त्याला सांगताना आवाजात थोडी कीव आणावी.

तरी वाद वाढलाच तर सबबी तयार हव्यात. 'नुसता बघायलोतो' ही रोजच्या वापराची. 'उजेडच न्हाई' ही दिवेलागणीनंतरची. 'फोन आला हुता' यात फोनचा पुरावा मागितला जातो, म्हणून टाळावी. सगळ्यांत भारदस्त सबब 'आमच्यात असंच खेळत्यात'. हिला आधारही आहे. जुन्या देशी खेळात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकायचं आणि राजाला डावात एकदा घोड्याची उडी मारता यायची. तेव्हा मात होताना राजा उडवून घोड्याच्या घरावर ठेवावा आणि 'जुना खेळ' म्हणावं. समोरच्यानं 'मग मघाशी प्यादं दोन घरं कसं नेलंत?' असं विचारलं, तर ऐकू न येण्याचं वय झालेलं असावं.

पंच असलेल्या जागी मात्र जपून. 1967 साली ट्युनिशियातल्या सूसच्या स्पर्धेत मिलान मातुलोविच यानं हंगेरीच्या बिलेकविरुद्ध चाल केली, ती गळ्याशी येतेय हे दिसल्यावर परत घेतली आणि 'जादूब', म्हणजे 'सरळ करतोय', म्हणाला. बिलेकनं तक्रार केली, पण चाल पचली. बुद्धिबळाच्या जगानं त्याला 'जादूबोविच' हे नाव ठेवलं ते कायमचं. म्हणजे नावं ठेवण्यात तिकडची पेठही मागे नाही. उलट 2016 साली मॉस्कोत, जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेत, हिकारू नाकामुरानं राजाला हात लावला आणि मग 'सरळ करतोय' म्हणाला. समोर लेव्हॉन अरोनियन होता, तो ऐकेना. राजा हलवावा लागला आणि डाव गेला. दोन्ही प्रकरणांत हात तसाच, वाक्यही तेच. फरक पडला तो समोर कोण आणि पंच कसा, यानं.

कॅरमला हे शास्त्र फारसं लागू पडत नाही. तिथं 'स्ट्रायकर निसटला, मारला न्हाई' एवढीच एक सोय आहे. मेंढीकोटात 'पान चिकटून आलं' म्हणतात. नवी कोरी पानं असली तरी म्हणतात. कुस्तीवाल्यांना तर काहीच सवलत नाही. खासबागेच्या कुस्ती मैदानात आकाशाकडे तोंड करून पडलेल्या पैलवानानं 'पाठ लागली न्हाई, नुसती टेकवली' असं सांगून बघावं. हलगीवालासुद्धा हसेल.

खरी अडचण आता वेगळीच आली आहे. पलीकडे सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी 1941 साली नूतन बुद्धिबळ मंडळ काढलं, तेव्हापासून या भागातल्या पोरांना नियमानं खेळायची खोड लागली. कोल्हापुरातून वुमन इंटरनॅशनल मास्टर ऋचा पुजारी आणि इंटरनॅशनल मास्टर सम्मेद शेटे यांच्यासारखे खेळाडू निघाले, आणि मग घरोघरी क्लास लागले. या क्लासच्या पोरांशी गाठ पडली तर सावध राहावं. ती एका हातानं चाल करतात, त्याच हातानं घड्याळ दाबतात आणि वहीत चाल लिहितात. 'आबा, घोडा एफ-पाच, चौदावी चाल' असं वाचून दाखवतात. आवाज चढवत नाहीत, रडत नाहीत. बोटाच्या टोकावर उभ्या असलेल्या आपल्या सगळ्या विद्येला ती वही पुरून उरते. घड्याळ मांडायला नको म्हणावं, 'इथं काय ऑलिंपिक हाय व्हय?' असं विचारावं. पण वही कुठल्या तोंडानं बंद करायला लावणार?

शेवटी देणाऱ्यांसाठी दोन शब्द, कारण घेणाऱ्याचा खेळ देणाऱ्यावर चालतो. चाल फुकट देऊ नये. दोन चालींमागे एक मिसळ, कट वाढून, ब्रेडची जादा लादी त्याच्याच खात्यावर, असा दर आधी ठरवावा. नंतर ठरवला तर 'एका डावासाठी एवढं?' असं ऐकावं लागतं. उदारपणा दाखवायचाच तर डाव हातातून गेलेला असताना दाखवू नये, त्याला कुणी उदारपणा म्हणत नाही. डाव आपल्या मुठीत असताना 'घ्या की आबा, दुसरी बघा' म्हणावं. यात दुसरा एक फायदा आहे आणि तो क्लासच्या पोरांनी बरोबर ओळखलाय. आबांनी घोडा परत घेतला तर उरतो तो हत्ती, आणि हत्ती हलला की तीन चालींत मात. पोरगं हसून चाल परत देतं तेव्हा समजावं, की त्यानं दुसरी चालही आधीच बघून ठेवलेली आहे. अशा पोराकडून चाल घेऊ नये. घेतली असेल तर तीही परत करावी, म्हणजे पहिलीच खेळावी. तीही हरणारीच असते, पण निदान आपली असते.

तेही जमलं नाही तर एकच उपाय उरतो. मांडी बदलताना गुडघ्याचा धक्का लागून पट उधळतो, मोहरे कट्ट्याखाली जातात, 'आरं आरं' होतं, डाव बरोबरीत सुटल्याचं जाहीर करता येतं. पूर्वी हा उपाय रामबाण होता. आता पोरगं खाली वाकून मोहरे गोळा करतं, वही उघडतं आणि बत्तीस चाली वाचून सगळं जिथल्या तिथं मांडून 'तुमची चाल, आबा' म्हणतं. म्हणून यापुढे पट उधळण्याच्या भानगडीत पडू नये. चहा मागवावा, आणि सांडायचाच झाला तर वहीवर सांडावा.