फुटल्या की फोडल्या?

आमच्या प्रयोगशाळेतल्या दादांना कुणी सांगितलं, की काढ्यानं माझी सर्दी गेली, तर ते चष्मा कपाळावर चढवून विचारतात, "काढा न घेणाऱ्यांची कधी गेली?"

दादा पीएच.डी.च्या कितव्या वर्षाला आहेत, हे विचारायची आमच्यात पद्धत नाही. विषय मास्ट पेशी. १८७८च्या प्रबंधात पाउल एर्लिखनं त्यांचं वर्णन केलं, तेव्हा पोटातले टपोरे कण पाहून त्याला त्या खाऊनपिऊन सुखी वाटल्या. वास्तविक तो हिस्टामिनचा दारूगोळा. गांधीलमाशीच्या विषातलं मॅस्टोपॅरन म्हणजे जेमतेम १४ अमिनो आम्लं. चेतातंतूंतून येणारा सब्स्टन्स पी तर ११ आम्लांचा. पण ही चिमुकली पेप्टाइडं धनभाराच्या जोरावर, आयजीई प्रतिपिंडांची मध्यस्थी न घेता मास्ट पेशींना थेट भडकवतात. त्यांच्या त्या ग्राहीचं नाव एमआरजीपीआरएक्स-टू. दादा ते एका दमात म्हणतात, देवाचं नाव घ्यावं तसं.

परवा आमची नवी मुलगी पिवळीधमक प्लेट घेऊन धावत आली. पेप्टाइड घालून ३७ अंशांवर अर्धा तास ठेवायचं, मग कणांतून बाहेर सांडलेलं बीटा-हेक्सोसामिनिडेझ हे विकर रंगावरून मोजायचं. पिवळं जितकं गडद, तितका भडका मोठा. दादांनी प्लेट उजेडात धरली.

"फुटल्या की फोडल्या?"

म्हणजे पेशींनी आपणहून कण बाहेर टाकले, की पेप्टाइडनं त्यांच्या आवरणालाच भोकं पाडली? भोकं पाडली असतील, तर आतल्या रसातलं एलडीएचही बाहेर आलेलं सापडेल. ते मोजलं होतं? नव्हतं. नुसतं बफर घातलेल्या पेशी? त्याही चांगल्याच पिवळ्या. बाईसाहेबांनी पिपेट दणादण मारली होती.

दादांचा हात मात्र लोण्यासारखा. त्यांच्या एलएडी-टू मास्ट पेशी दुप्पट व्हायलाच दोनेक आठवडे घेतात, वर महागडा स्टेम सेल फॅक्टर पाजावा लागतो. साहजिकच इनक्युबेटरजवळ कुणी दार आपटलं, की दादांचा चेहरा पाहवत नाही.

मध्यंतरी सर त्यांच्यावर सबंध तासभर ओरडले. आम्ही सांत्वनाला चहा घेऊन गेलो. दादा शांतपणे फुंकर मारत म्हणाले, "सर विनाकारणही रोज थोडे ओरडतातच. ते वजा करा. माझ्या वाट्याला फारसं उरत नाही."