सोमवारचा कान, गुरुवारचा कान

कमी ऐकू येणाऱ्या माणसाला रोज सारखेच कमी ऐकू येते, असा धडधाकट कानाच्या लोकांचा समज असतो. सोमवारी दाराची बेल ऐकून उठणाऱ्या आजोबांना गुरुवारी त्याच बेलचा पत्ता नसतो, आणि घरात निदान होते : ‘यांना हवं तेवढं बरोब्बर ऐकू येतं!’

निदान सोपे असले तरी चुकीचे आहे. सर्दीत घशापासून मधल्या कानाकडे जाणारी युस्टेशियन नळी तुंबते. आंघोळीचे पाणी शिरून कानातला मळ फुगतो. ढोलताशापुढे तासभर उभे राहिले की कान काही काळ बधिर होतात. प्रॉस्पेर मेनिएर यांनी १८६१ मध्ये पॅरिसला वर्णन केलेल्या आजारात चक्कर येते आणि ऐकणे खरोखरच वरखाली होते. शांत खोलीत काढलेल्या श्रवणालेखातही दोन वेळांत पाच डेसिबलचा फरक सहज पडतो.

खरी गंमत मेंदूची आहे. वयाबरोबर आधी उंच पट्टीचे आवाज जातात आणि स, श, फ, थ यांची वस्ती तिथेच असते. स्वर खालच्या पट्टीतले, ते टिकतात. त्यामुळे कोणीतरी बोलते आहे हे कळते, काय ते कळत नाही. गाळलेल्या जागा मेंदू ओठ पाहून आणि संदर्भ लावून भरतो. सकाळी त्याला हे जमते. संध्याकाळी मिक्सर, कुकर आणि मालिकेतली सासू एकदम सुरू झाल्यावर दमलेला मेंदू उत्तरपत्रिका कोरी ठेवतो. ‘पेन्शन’ मात्र भिंतीपलीकडूनही कळते, कारण त्या शब्दाची तो वाटच पाहत असतो.

या चढउतारावरच उपायांचा बाजार चालतो. चांगल्या दिवशी कोणी उपाय करत नाही. वाईट दिवशी लसणाचे तेल पडते, दोन दिवसांत कान आपसूक मूळ पातळीवर येतो आणि श्रेय लसणाला जाते. कानात पोकळ मेणबत्ती जाळून जो ‘मळ’ दाखवतात, तो मेणबत्तीचाच असतो. बेथोव्हेनने बदामतेल घातले, हातांवर फोड आणणारी साल बांधून घेतली. बहिरेपण वाढतच गेले. १९२० च्या दशकात अमेरिकेत बहिऱ्यांना विमानात बसवून उंचावरून सूर मारत खाली आणत. त्यापेक्षा लसूण परवडला.

आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या सुमारे १५,००० केशपेशी असतात. माणसात त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. कोंबडीत उगवतात, आणि औषधविक्रेत्याला गिऱ्हाईक व कोंबडी यांत फारसा फरक वाटत नाही.

मळ काढता येतो, फाटलेला पडदा शस्त्रक्रियेने सांधता येतो. बाकीच्यांसाठी श्रवणयंत्र, फारच कमी ऐकू येत असेल तर कॉक्लिअर इम्प्लांट. समोर येऊन सावकाश बोलणे फुकट असते, म्हणून त्याची जाहिरात होत नाही.

एका रात्रीत एक कान बंद पडला, तर मात्र तो वाईट दिवस समजून थांबू नये. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे. त्यावरची स्टेरॉइड पहिल्या काही दिवसांतच उपयोगी पडतात.