पाऊण एकराचा जहागीरदार

जॉर्जियातल्या अल्फारेटात माणसाची ऐपत गाडीवरून कळते, असं ज्यांना वाटतं त्यांनी शनिवारी सकाळी आमच्या कॉलनीत चक्कर मारावी. गराजची दारं वर जातात आणि खरी इस्टेट बाहेर येते. माझा झिरो-टर्न आहे, म्हणजे बसून चालवायचं गवत कापायचं मशीन. ६० इंची डेक, त्याखाली तीन पाती, २५ अश्वशक्ती. सामाईक जागेतलं गवत कापायला येणाऱ्या टोळीचा मुकादम एकदा तो बघून थबकला आणि अदबीने म्हणाला, "किती एकर?"

"पाऊण," मी म्हटलं. घर धरून, हे काही बोललो नाही.

माझी बाजू अशी की आमची जमीन सपाट नाही. घरामागे ती फो किलर क्रीक नावाच्या ओढ्याच्या दिशेने जी सुटते ती थांबतच नाही. देवरुखकडचं रक्त असल्यामुळे उतार म्हटला की माझी छाती फुगते. शिवाय माती लाल, लोहाची, थेट गावची. दुकानातल्या माणसाला मी हे सगळं सांगितलं. त्याने ओळखलं, आणि सगळ्यात मोठं मशीन दाखवलं.

फोनवर कोन मोजला तर उतार १८ अंशांचा. मशीनच्या पुस्तकात लिहिलंय, १५ अंशांपलीकडे बसून जाऊ नका. कारण साधं आहे. झिरो-टर्नची पुढची चाकं नुसती नावाला गोल फिरतात. वळणं आणि थांबणं दोन्ही मागच्या चाकांकडे. ओल्या गवतावर ती घसरली की दोन्ही एकदम जातात, आणि पुढचा निर्णय ओढा घेतो. बसायचं मशीन उतारावर उभं चालवावं, म्हणजे ते कुशीवर उलटत नाही. ढकलायचं मशीन आडवं चालवावं, म्हणजे पाय घसरून पात्याखाली जात नाही. बसायच्या मशीनवर डोक्यामागचा दांडा उभा असेल तर पट्टा बांधावा. दुमडलेला असेल तर मुळीच बांधू नये, उलटलंच तर उडी मारता आली पाहिजे. हे सगळं मला तोंडपाठ आहे. चहाला आलेल्या पाहुण्यांनाही आता तोंडपाठ आहे.

तेव्हा शनिवारी सकाळी, सगळे बघत असताना, मी घरापुढच्या सपाट तुकड्यावर २५ अश्वशक्ती मिरवतो. मागचा उतार ढकलायच्या जुन्या मशीनने कापतो, दिवेलागणीला. बायको म्हणते, "अहो, ते मोठं विकून टाका, निदान गराजमध्ये गाडी तरी मावेल." बायकांना उताराचं शास्त्र कळत नाही, असं मी मनात म्हणतो. ती सिव्हिल इंजिनीअर आहे.

मोठ्या मशीनची सेवाही मोठी. इथली माती ओली झाली की डेकच्या पोटाला अशी चिकटते की खरवडून काढावी लागते. तिच्यातली गारगोटी पात्याची धार खाते. बोथट पातं गवत कापत नाही, फाडतं, आणि दोन दिवसांत शेंडे तपकिरी दिसतात. पाती काढण्याआधी स्पार्क प्लगची वायर काढायची. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हिवाळाभर टाकीत ठेवलं तर कार्ब्युरेटरचा डिंक होतो. हे सोसायचं कुणासाठी? गवतासाठी. आणि गवत कुठलं? इथे लोक ज्याला बर्म्युडा म्हणतात ते. सायनोडॉन डॅक्टिलॉन. म्हणजे आपली हरळी. म्हणजे दूर्वा!

थांबा, यावर मला बोलू द्या. देशावरचा शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या जिच्या मुळ्या खणून काढता काढता वाकला, ती हरळी. जॉर्जियाचे कापूसवालेही तिच्या नावाने बोटं मोडत. मग अल्फारेटापासून सुमारे २०० मैल दक्षिणेला टिफ्टन गावात ग्लेन बर्टन नावाचा शास्त्रज्ञ आला. त्याने १९४३ मध्ये तिच्यातून गुरांसाठी 'कोस्टल' हा वाण काढला. पुढे आफ्रिकेतल्या तिच्या चुलत बहिणीशी झालेल्या तिच्या संकरातून तिथेच १९६० मध्ये 'टिफवे' आला, आणि गोल्फची मैदानं हिरवीगार झाली. टिफवेला बी धरत नाही. चटईसारखे तुकडे विकत आणून अंथरायचे. अनलासुराला गिळून पोटात आगडोंब उसळला तेव्हा गणपतीला ऋषींनी एकवीस-एकवीस दूर्वा वाहिल्या, अशी कथा आहे. त्याच दूर्वेवर आज लोक चेंडू टोलवतात, आणि मी तीन पाती फिरवतो. बाप्पाने मनावर घेतलेलं दिसत नाही.

बाबा आले होते तेव्हाची गोष्ट. मोठं मशीन त्यांनी घराच्या डेकवरच्या खुर्चीतून शांतपणे पाहिलं. कापलेलं गवत कागदी पिशव्यांत भरून मी रस्त्याकडेला ठेवू लागलो तशी त्यांनी विचारलं, "हे खातं कोण?" कुणीच नाही, म्हटलं. गावी एका विळ्यावर त्यांनी दोन म्हशी पोसल्या, त्या म्हशींवर माझं इंजिनीअरिंग झालं. ते पुढे काहीच बोलले नाहीत. चतुर्थीच्या आदल्या दिवशी मात्र उतारावर बसून त्रिदळं खुडत होते, गुडघे दुखत असताना, एकवीसची जुडी लावून. मला सांगावं लागलं की आठवड्यापूर्वीच तणनाशक मारलंय. कॉलनीच्या समितीचं पत्र आलं होतं, लॉनमध्ये तण दिसतंय म्हणून. बाबांनी जुडी खाली ठेवली, नळावर हात धुतले. त्या समितीचा मला आजही राग आहे, आणि तिच्या पुढच्या प्रत्येक पत्राला मी वेळेत उत्तर देतो.

त्या वर्षी बाप्पाला इंडियन स्टोअरमधल्या दूर्वा वाहिल्या. प्लॅस्टिकची पिशवी, वर किमतीचं लेबल. बाहेर पाऊण एकर दूर्वा उभी होती.

तर अल्फारेटा, कमिंग, जॉन्स क्रीककडच्या मराठी मंडळींना विनंती: कुणाच्या मागच्या अंगणात औषध न मारलेला तुकडा असेल तर भाद्रपदापूर्वी कळवा. दूर्वा मी स्वतः खुडून नेईन. बदल्यात उरलेलं लॉन फुकट कापून देईन, फक्त उतार १५ अंशांच्या आत हवा आणि फाटक साठ इंचांहून रुंद.