आडवाट्या : सावरगावातील एक नमुना

नोकरीनिमित्त नव्या गावी राहायला गेलेल्या माणसांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातील माणूस दूधवाला, किराणा, डॉक्टर आणि मुलांची शाळा यांची चौकशी करतो आणि पंधरवड्यात त्या गावाचा होऊन जातो. दुसऱ्या वर्गातील माणूस सामानाचा ट्रक रिकामा होण्याआधीच घरमालकाला बाजूला घेऊन विचारतो की, सगळे जातात ती ठिकाणे सोडून इथे वेगळे असे काय आहे. या दुसऱ्या वर्गाला प्रस्तुत लेखात 'आडवाट्या' म्हटले आहे. राजमार्गाची ज्याला शिसारी आहे, ज्या देवळापुढे नारळाचे दुकान लागलेले असते त्या देवळातील देव ज्याला बाटलेला वाटतो आणि ज्या हॉटेलाला पाटी आहे तिथे जेवणे ज्याला कमीपणाचे वाटते, असा सुशिक्षित, बहुधा पगारदार आणि हमखास पाठीवर पिशवी अडकवलेला गृहस्थ, अशी त्याची व्याख्या करता येईल. वाचकांच्या परिचयात असा निदान एक तरी असतोच, किंबहुना रविवारी पहाटे त्याचा फोन येऊन गेलेला असतो, त्यामुळे अधिक लक्षणे देत बसण्याचे कारण नाही.

पुणे आणि नागपूर या शहरांत ही जात विपुल असल्याने तिच्यातील व्यक्ती परस्परांत मिसळून जातात आणि निरीक्षणास सापडत नाहीत. एकटा नमुना अभ्यासायचा तर लहान गाव बरे. सावरगावात एका बँकेचा अधिकारी बदलीवर येऊन काही काळ राहिला होता, आणि तो मूळचा पुण्याचा असल्यामुळे अभ्यासाची उत्तम सोय झाली. जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा आणि दुसऱ्या काठावर सावरगाव अशी तेथील रचना आहे. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हा मुलूख मध्य प्रदेशात राहिला, ५ ऑक्टोबर २०२३ रोजी पांढुर्णा व सौंसर हे तालुके छिंदवाडा जिल्ह्यातून निघून त्यांचा स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला, तरी कचेरीत हिंदी आणि ओसरीवर मराठी ही वाटणी कायम आहे. ओसरीवरची ही मराठी नागपुरी वळणाची असून तिच्यात प्रत्येक वाक्याच्या शेवटी आदरार्थी 'जी' येतो, ज्यामुळे नकार आणि टोमणाही अत्यंत सभ्य वाटतो. अधिकाऱ्याची बँक पांढुर्ण्यात होती आणि भाड्याचे घर सावरगावात. या साध्या भौगोलिक गोष्टीचे परिणाम पुढे यायचे आहेत.

आडवाट्याचे प्रमुख लक्षण म्हणजे त्याचे एक वाक्य. कोणतीही गोष्ट सांगण्यापूर्वी तो किंचित पुढे झुकतो, आवाज खाली आणतो आणि म्हणतो, "हे फारसं कुणाला माहीत नाही." सावरगावचा अधिकारी या वाक्याखेरीज संभाषण सुरू करीत नसे. पहिल्याच शनिवारी तो सौंसर तालुक्यातील जाम सावळीला जाऊन आला आणि रात्री घरमालकाला ओट्यावर बसवून त्याने हळू आवाजात सांगितले की, तिकडे एक मारुती आहे आणि तो उभा नसून चक्क झोपलेला आहे, पण हे फारसे कुणाला माहीत नाही. निद्रिस्त मारुतीच्या या स्थानी नागपूर-छिंदवाडा रस्त्यावरून गाड्यांची रीघ लागलेली असते, शनिवारी आणि मंगळवारी तर पाय ठेवायला जागा नसते. स्वतः घरमालकाचे आणि त्याच्या तिन्ही मुलांचे जावळ तिथेच काढलेले होते. घरमालकाने तंबाखूची चिमूट दाढेखाली सरकवली आणि तो नम्रपणे म्हणाला, "माईत हाय ना जी."

त्यानंतर अधिकाऱ्याने तापी नदीचा शोध लावला. पांढुर्ण्याहून बैतूलच्या दिशेने गेले की मुलताई लागते, तिथे गावातल्या तलावापाशी तापीचा उगम मानतात आणि तिथून निघालेली नदी सुमारे ७२४ किलोमीटर पश्चिमेकडे वाहत जाऊन सुरतेपलीकडे समुद्राला मिळते. मुलताई हे नाव मूळ तापीशी जोडतात, तलावाकाठी देवळे आहेत, आषाढात तापीची जयंती होते आणि रेल्वेस्थानकालाही तेच नाव आहे. म्हणजे ही गोष्ट लपवून ठेवण्यासाठी त्या गावाने कोणताही प्रयत्न केलेला दिसत नाही. तरीही सोमवारी बँकेत अधिकाऱ्याने रोखपालापुढे झुकून आवाज खाली आणला. रोखपाल मुलताईचाच. त्याने नोटांचे बंडल पुरते मोजून रबर लावले आणि मगच मान वर केली, "माईत हाय जी, माहं घर तलावापाशीच हाय."

येथवर प्रकार निरुपद्रवी होता. पुढे तो संत्र्याच्या बागेत शिरला. पांढुर्णा-सौंसर हा संत्र्याचा पट्टा असून संत्र्याला मुख्यतः दोन बहर, म्हणजे फुलोऱ्याचे हंगाम, धरतात: पावसाच्या सुरुवातीचा तो मृग बहर आणि थंडी सरताना फुलणारा तो आंबिया बहर. आंबिया बहर घ्यायचा असल्यास डिसेंबरच्या सुमारास बागेचे पाणी तोडतात, यालाच 'ताण देणे' म्हणतात. झाड पाण्यावाचून सुकते, पाने मलूल होऊन गळू लागतात, वाढ थांबते, आणि मग खत घालून पाणी सोडले की ते एकदम फुलून येते. झाडाला जगणे कठीण झाल्याचा भास करून देऊन त्याच्याकडून फळे काढण्याची ही युक्ती आहे, आणि सरकारी नोकरीतील पदोन्नतीची पद्धतही हिच्यापेक्षा फारशी वेगळी नाही. अधिकारी ज्या रविवारी बागेतून चालला होता तो नेमका ताणाचा काळ होता. फारसे कुणाला माहीत नसलेल्या एका पायवाटेच्या शोधात असताना त्याला कडेचे एक झाड पाने टाकून उभे दिसले, त्याचा जीव कळवळला, आणि विहिरीवरच्या दोन बादल्या त्याने त्या झाडाच्या बुंध्याशी ओतल्या. एवढ्यावर न थांबता पुढील दोन रविवारीही तो मुद्दाम तिथे गेला. परिणाम असा झाला की सगळी बाग फुलावर आली तेव्हा ते एक झाड फुलांऐवजी नवतीने, म्हणजे कोवळ्या पालवीने, तरारून गेले; हिरवेगार, देखणे आणि त्या हंगामापुरते संपूर्ण निष्फळ. बागाईतदाराने बुंध्याभोवतीची ओल पाहिली, बुटांचे ठसे पाहिले, आणि बँकेचे कर्ज असल्यामुळे काहीही म्हटले नाही. मात्र तेव्हापासून ते झाड 'साहेबाचं झाड' म्हणून ओळखले जाऊ लागले, आणि ही एक गोष्ट खरोखरच फारशी कुणाला माहीत नव्हती असे म्हणावे, तर ती आठवड्याच्या बाजारात भाजीवालीलाही माहीत होती.

आडवाट्याच्या खाण्यापिण्याविषयी लिहिण्यासारखे थोडे आहे. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी यांचा त्याने शोध लावला, पाटवडीच्या रश्श्याचा लावला आणि एकदा तर तर्रीपोह्यांचाही लावला. प्रत्येक वेळी उत्तर तेच मिळाले.

तेव्हा प्रश्न असा की, ज्या गावात सगळ्यांना सगळे माहीत आहे त्या गावात आडवाट्याने करायचे काय. याचे एक उत्तर सौंसरला, रेल्वेच्या निमित्ताने मिळाले. नागपूर-छिंदवाडा ही अडीच फूट रुंदीची नॅरोगेज गाडी, जी सावनेर, लोधीखेडा, सौंसर, रामाकोना अशी रमतगमत जात असे, ती २०१५ साली रुळाची रुंदी वाढवण्यासाठी बंद झाली. अधिकारी अर्थातच त्यानंतर आलेला. बंद पडलेली गोष्ट हा तर आडवाट्याचा प्राण. तेव्हा त्याने वही काढली आणि कट्ट्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्यापुढे झुकून आवाज खाली आणला. म्हाताऱ्यानेही रिवाजाप्रमाणे माहीत असल्याचे सांगितले. मात्र अधिकाऱ्याने पुढे विचारले की, डब्यात दिवा कुठे असे, बाके कोणत्या बाजूला असत आणि चढावर गाडी किती मंद होई. आणि तेव्हा म्हाताऱ्याला प्रथमच जाणवले की आपल्याला हे माहीत तर आहे, पण कधी कुणी विचारलेले नाही. तो बोलू लागला. एकदा एक वरात त्याच गाडीने आली होती आणि वऱ्हाडी चालत्या गाडीतून उतरून, लघवी करून, पुन्हा धावत चढले होते, हे सांगताना तो इतका हसला की त्याला ठसका लागला. ते दोघे उठले तेव्हा बाजार उठलेला होता. 'माहीत आहे' हे उत्तर संभाषण संपवण्यासाठी किती सोयीचे आहे, हे त्या दिवसापर्यंत सौंसरात किंवा सावरगावात कुणाच्या ध्यानात आले नव्हते, आणि ते ध्यानात आणून देण्यास एक अडाणी माणूस बाहेरूनच यावा लागतो, ही कबुली नाइलाजाने देणे भाग आहे.

श्रावणी अमावास्येला पोळा होतो. दुसऱ्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या करीला, नागपुरात काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, लहान मुले लाकडी नंदी मिरवतात, आणि त्याच दिवशी जाम नदीत पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात गोटमार होते. गोटा म्हणजे हाताच्या मुठीत बसणारा दगड. नदीपात्रात पळसाचे झाड रोवून त्याला झेंडा बांधतात, सावरगावकर तो राखतात, पांढुर्णेकर तो काढून चंडीमातेच्या देवळाकडे न्यायला झटतात, आणि दिवसभर दोन्ही काठांवरून दगड चालतात. पांढुर्ण्याचा मुलगा आणि सावरगावची मुलगी पळून जाताना नदीत गाठले गेले आणि दोन्हीकडच्या दगडांनी मेले, अशी त्यामागची आख्यायिका सांगतात. दरवर्षी शेकड्याने माणसे जखमी होतात, काही वर्षी मृत्यूही झाले आहेत. प्रशासन जमावबंदी लावते, ड्रोन उडवते, रुग्णवाहिका उभ्या करते, आणि मागे एकदा दगडांऐवजी रबरी चेंडूही वाटून झाले, जे लोकांनी मुलांना खेळायला दिले असावेत.

त्या दिवशी देशातील प्रत्येक वृत्तवाहिनी आडवाट्या होते. कॅमेरे येतात, निवेदक किंचित पुढे झुकतात, आवाज खाली आणतात आणि या अजब गावाविषयी सांगतात. संध्याकाळी गाड्या नागपूरला परततात आणि पुढच्या पोळ्यापर्यंत या गावात संत्री पिकतात की नाही याची कुणालाही पर्वा राहत नाही. अशा वेळी खराखुरा आडवाट्या आनंदाने वेडा होईल ही सर्वांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात तो अडचणीत सापडला. चहाच्या टपरीवर त्याला सरळ विचारण्यात आले, "साहेब, तुमी कोनीकडचे?" कारण त्या एका दिवशी माणसाला दोन काठ चालत नाहीत, पगार पांढुर्ण्याचा आणि भाडे सावरगावात, असा जो भिरभिरता माणूस, त्याने दगड कुणाला मारायचा आणि कुणाचा खायचा याचा निर्णय परंपरेत दिलेला नाही. तो प्रश्न घरमालकाच्या आईने सोडवला. तिने त्याला सकाळीच माडीवर पाठवले, बाहेरून कडी लावली आणि खालून विचारणाऱ्यांना ठणकावले, "आपल्यातलाच हाय थो. पन त्याले दगडं चुकवता येत नाही." सावरगावने परक्या माणसाविषयी याहून मोठे प्रशस्तिपत्र दिल्याचे ऐकिवात नाही.

दुपारी घरमालकाचा थोरला मुलगा कपाळाला तीन टाके घालून आला. अधिकाऱ्याची वही उघडीच होती, आणि तिच्यात गोटमारीविषयी एक अक्षर लिहिले गेले नाही. जाम सावळीला तीन पाने, रोडग्यांना दोन, त्या नॅरोगेजवाल्या म्हाताऱ्याला अकरा. जे सगळ्या जगाला माहीत आहे त्याच्यात त्याला रस नव्हता, असे म्हणून त्याची टर उडवता येईल, आणि सावरगावात ती उडवलीही गेली. पण वर्षातल्या उरलेल्या दिवसांसाठी बाहेरून आलेला दुसरा माणूस गावाला आठवत नव्हता, हेही टर उडवणाऱ्यांनीच मान्य केले.

यथावकाश त्याची बदली झाली. निरोपाच्या वेळी बागाईतदाराने संत्र्यांची एक पेटी दिली, आणि तीत साहेबाच्या झाडाची वेगळी सहा फळे घातली, कारण पुढच्या वर्षी त्या झाडाने ताण नीट सोसून इतरांपेक्षा थोडी जास्तच फळे धरली होती. ती फळे अधिक गोड होती असे अधिकाऱ्याचे म्हणणे आहे. शास्त्राला ते मान्य होणार नाही.

पुढे घरमालकाचा तोच थोरला मुलगा शिकायला पुण्याला गेला. महिन्याभरात त्याने बापाच्या फोनवर एक छायाचित्र पाठवले, एका दगडात कोरलेल्या शिवमंदिराचे, आणि कळवले की, बाबा, हे पाताळेश्वर आहे, बाराएकशे वर्षांपूर्वीचे आहे, ऐन शहराच्या मध्यावर आहे आणि हे फारसे कुणाला माहीत नाही. पाताळेश्वर जंगली महाराज रस्त्यावर आहे आणि तेथून रोज निम्मे पुणे जाते. घरमालकाने तो फोन पानठेल्यावर नेऊन सगळ्यांना दाखवला. सगळ्यांनी तो आळीपाळीने हातात घेतला, चित्र दोन बोटांनी मोठे करून पाहिले, आणि 'माईत हाय' असे कुणीही म्हटले नाही. शेवटी बागाईतदाराने फोन परत दिला, पानाची पिंक बाजूला टाकली आणि निदान केले, "साहेबाचं पानी लागलं जी पोट्ट्याले."