दोन इंचांची उन्नती

वाळूज औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या बजाजनगरात पिकअपला ‘लिफ्ट किट’, म्हणजे एक्सल आणि चॅसिस यांतील अंतर वाढवणारा संच, बसवण्याचे प्रयोजन दुर्गम डोंगरात नव्हे, तर शेजाऱ्याच्या नजरेत शोधावे लागते. या संचाने चॅसिस उंचावते, परंतु डिफरन्शियल, म्हणजे मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा गोळा, होता तिथेच राहतो. तो उचलायला टायरच मोठे हवेत, आणि २९ऐवजी ३१ इंची टायर घातले तरी तो जेमतेम एक इंच वर येतो, शिवाय स्पीडोमीटर पूर्वीपेक्षा ६-७ टक्के कमी वेग दाखवून मालकाच्या सभ्यतेची ग्वाही देऊ लागतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ला ही उन्नती मान्य नाही. जाधववाडीच्या बाजारात प्रत्येक पोते तेवढेच अधिक उंच चढवणाऱ्या हमालाचे मत तर कोणी विचारलेलेच नसते.